वाटीभर जळकी वाळू

प्रयोगशाळेतली शेवटची नळी भरायचा मान हर्षदाबाईंना मिळाला आणि नेमकी तीच नळी विझली.

बावीस वर्षांत असं चारचौघांत कधी घडलं नव्हतं. बडोद्याच्या त्या खनिजतेल संशोधन केंद्रात कोणालाही विचारा, हर्षदाबाई फणसे यांच्या हातची नळी विझत नाही, असंच सांगतील. सोमवारी सकाळी नऊ वाजता संचालकांनी त्यांना हार घातला, चार शब्द बोलले, बटण दाबलं, टाळ्या झाल्या. पेढे खाऊन मंडळी आपापल्या खोल्यांत गेली. दुपारी एकच्या सुमाराला चौथ्या तापमापकावरचा आकडा साडेचारशेवरून घसरायला लागला, आणि चार वाजता तो दोनशेच्या खाली होता.

"अहो, निरोपाची नळी ती," संचालक म्हणाले. "तिला आता कोणती परीक्षा द्यायचीय?"

हर्षदाबाई हसल्या. नजर मात्र तापमापकावरून हलली नाही.

ही नळी काय भानगड आहे, ते आधी सांगायला हवं. जमिनीखाली हजार मीटरवर काही ठिकाणी तेल असतं, पण असून नसल्यासारखं. काकवीपेक्षा घट्ट, वाळूच्या कणांना धरून बसलेलं. पंपानं ओढलं तरी हलत नाही. मग त्याला तिथेच, जमिनीच्या पोटात पेटवायचं आणि एका विहिरीतून हवा सोडत राहायची. तेलातला सगळ्यात जड, कोळशासारखा दहावा हिस्सा जळतो. त्या उष्णतेनं आणि वाफेनं उरलेलं तेल पातळ होतं आणि पुढच्या विहिरीकडे सरकतं. किती हवा दिली की आग जगते, हा सगळ्यातला कळीचा प्रश्न. जमिनीत डोकावून तो सुटत नाही, म्हणून ही सहा फूट उंचीची, लोट्याच्या तोंडाएवढी रुंद पोलादी नळी. त्या क्षेत्रातली वाळू, तेल आणि पाणी कालवून ती ठासून भरायची, वरच्या टोकाला पेटवायची आणि आग एकेका तापमापकावरून खाली कशी उतरते ते बघायचं. जमिनीत ज्याला वर्षं लागतात ते नळीत चौदा तासांत दिसतं.

भरायचं काम दिसतं सोपं, पण त्यात भलेभले पीएचडीवाले हात टेकत. कुठे पोकळी राहिली की हवा तिथून पळते आणि आग उपाशी मरते. हर्षदाबाई बीएस्सी झालेल्या साध्या तंत्रज्ञ. पण त्या थरावर थर देत, लाकडी दांडक्यानं प्रत्येक थराला मोजून चाळीस ठोके घालत, आणि नळी अशी भरत की आग सासरी आलेल्या शहाण्या सुनेसारखी एकेक पायरी उतरत जाई. अशा दोनशे चौदा नळ्यांच्या नोंदी त्यांच्या गोल, टपोऱ्या अक्षरात रजिस्टरांत लिहिलेल्या होत्या.

त्याच नोंदी शिकून 'धुनी' तयार झाली होती. नव्या खोदाईवर जगभर बंदी येऊन सात वर्षं झाली होती. जुन्या क्षेत्रांतलं उरलंसुरलं घट्ट तेल काढणं एवढाच मार्ग होता, आणि जमिनीखालची आग माणसाच्या भरवशावर सोडायची कोणाची तयारी नव्हती. उत्तर गुजरातेत देवरासणला एरंडाच्या शेतांखाली आग पेटलेली होती. तिथल्या अडतीस विहिरींची हवा धुनी नावाची संगणक-यंत्रणा मिनिटामिनिटाला कमीजास्त करायची. व्हॉल्व्हवर आता माणूस बसत नव्हता. धुनीला सगळंच ठाऊक असताना नळ्यांची गरज कोणाला? म्हणून प्रयोगशाळा बंद होत होती, आणि हर्षदाबाई महिनाअखेर घरी बसणार होत्या. याचं त्यांना फारसं वाईट वाटत नव्हतं. कारण धुनी ज्यांनी घडवली त्यांची प्रमुख होती शाल्मली फणसे, वय वर्षं एकतीस, हर्षदाबाईंची एकुलती एक लेक.

नळी का विझली हे शोधायला हर्षदाबाईंना समिती नेमावी लागली नाही. त्यांनी सरळ कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं. खालचा कप्पा रिकामा होता. बिस्किटांचा पत्र्याचा डबा गेल्या महिन्यात भंगाराबरोबर गेला होता.

त्या डब्यात विरजण असायचं.

देवरासणच्या पश्चिम भागातली वाळू पहिल्यापासून हट्टी, आणि निरोपाच्या नळीतही तीच होती. अठरा वर्षांपूर्वी तिच्या पहिल्या दोन नळ्या विझल्या, तेव्हा हर्षदाबाई रडकुंडीला आल्या होत्या. भरणीच फसली असं धरून त्या दोन नळ्या रजिस्टरात चढल्याही नाहीत. तिसऱ्या वेळी त्यांना काय सुचलं कोण जाणे, आदल्या नळीच्या जळलेल्या टोकाची वाटीभर काळी वाळू त्यांनी नव्या मिश्रणात कालवली. घरी कालच्या दह्यानं आजचं दूध लावतात, तसं. नळी शेवटपर्यंत जळली. तेव्हापासून हट्टी वाळू आली की वाटीभर विरजण, आणि जळून झालं की त्यातलंच वाटीभर परत डब्यात. जड तेलात निकेल, व्हॅनेडियम, लोखंड असे धातू किंचित असतात. तेल जळतं पण ते मागे वाळूत राहतात आणि पुढची आग पेटायला मदत करतात. अठरा वर्षं एकाच डब्यातून फिरलेल्या त्या वाळूत ते किती साठले असतील, याचा हिशेब हर्षदाबाईंनी कधी केला नव्हता. प्रयोगशाळेत सगळे त्याला हसून विरजण म्हणायचे. रजिस्टरात तेलाला रकाना होता, पाण्याला होता, दाबाला होता. विरजणाला नव्हता, म्हणून त्यांनी ते लिहिलं नाही. भाजीत मीठ घातलं हे कोणी वहीत लिहून ठेवतं का?

देवरासणच्या जमिनीत कोणी विरजण घातलेलं नव्हतं. आणि गेल्या सहा आठवड्यांपासून पश्चिम भागात धुनी हवा सोडत होती.

मंगळवारी त्यांनी उरलेल्या वाळूची आणखी एक नळी भरली. या वेळी हार नाही, टाळ्या नाहीत. चौथ्याच तापमापकावर आग पुन्हा मेली. त्यांनी वायूंचा आलेख काढून पाहिला. वरून जाणारा प्राणवायू खाली बाहेर येत नव्हता, म्हणजे आत कुठेतरी तो खर्च होत होता. पण जळलं की जो कार्बन डायऑक्साइड यायला हवा, तोही येत नव्हता. हवा गेली कुठे?

तेलाच्या बाटलीच्या तोंडाशी जे चिकट पुट धरतं, ते आपण रोज बघतो. तिथे आग नसते. हवेतला प्राणवायू थंडपणे तेलात शिरतो आणि तेल डिंकासारखं होतं. आग विझलेल्या नळीत हेच चाललं होतं. आग जिवंत असल्यासारखी हवा गिळली जाते आणि आत तेल घट्ट, आणखी घट्ट होत जातं. कधीतरी तेलाचं पोट भरतं. मग प्राणवायू तसाच पुढे निघतो आणि तेलाच्या वाफांनी भरलेल्या विहिरीच्या गळ्याशी जाऊन बसतो. तिथे एक ठिणगी पुरते.

संध्याकाळी देवरासणहून शाल्मलीचा फोन आला. पडद्यावर तिचा दमलेला, आनंदी चेहरा होता. "आई, शेवटची नळी कशी झाली?"

"झाली," हर्षदाबाई म्हणाल्या.

"इकडे बघ, तुला गंमत दाखवते." तिनं पश्चिम भागाचा आलेख पुढे धरला. "सगळा प्राणवायू खातेय बघ आग. एक थेंब वाया नाही. शुक्रवारी दिल्लीची माणसं येतायत. धुनी आता चार राज्यांत लावायची म्हणतायत."

"आणि कार्बन डायऑक्साइड? कमी दिसतोय."

"तो खालच्या पाण्यात विरघळतोय, असं धुनीचं म्हणणं. मलाही आधी खटकलं होतं. पण तुझ्या एकाही नळीत आग अशी मधेच मेलेली नाही ना. तुझ्या नोंदी आहेत म्हणून आम्ही निवांत." ती हसली. "लहानपणी त्या नळीचा किती राग यायचा गं मला. गॅदरिंगला तू नाहीस, तापात तू नाहीस, का तर नळी पेटलीय. नंतर ती रजिस्टरं वाचायला घेतली आणि वाटलं, बरं झालं, आई इथे होती तर."

विरजणाचं आत्ताच सांगायला हवं होतं. पण लेकीनं आयुष्यात पहिल्यांदा मनापासून माफ केलं होतं, आणि तेही त्या रजिस्टरांसाठी. "जेवलीस का?" एवढंच विचारलं.

बुधवारी त्या डॉ. चित्रेंकडे गेल्या. चित्रेसर प्रयोगशाळेचे जुने प्रमुख, शहात्तर वर्षांचे, आता कारेलीबागेत मुलाच्या घरी असत. विरजण पहिल्यांदा घातलं त्या दिवशी ते शेजारी उभे राहून हसले होते, हे हर्षदाबाईंना लख्ख आठवत होतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. चहाचा कप बशीत ठेवला. "हे तुम्ही मला सांगितलं होतं, बाई?"

"सर, तुमच्यासमोर घातलं होतं."

"मला आठवत नाही." खरंच आठवत नव्हतं की आठवायचं नव्हतं, ते चेहऱ्यावरून कळेना. या नळ्यांवर सरांचे अकरा शोधनिबंध होते. "आता बोलून काय साधणार? तुमचं नाव जाईल, माझं जाईल, त्याचं सोडा. पण पोरीचं काय? तिनं धुनी उभी केलीय. उद्या लोक म्हणतील, आईनं लपवलं आणि लेकीनं विकलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. ते यंत्र शिकणारं आहे, शिकेल आपोआप."

परतीच्या रिक्षात हर्षदाबाईंना सरांचं बोलणं पटायला लागलं, आणि आपल्याला ते पटतंय याचीच त्यांना भीती वाटली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. गुरुवारी पहाटे त्यांनी गाडी ठरवली आणि देवरासण गाठलं.

फाटकावर जीवणभाई भेटले. पूर्वी व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या पथकाचे मुकादम, आता धुनी सांगेल ती किरकोळ दुरुस्तीची कामं करणारे. शाल्मलीची आई आलीय म्हटल्यावर ते स्वतः चहा घेऊन नियंत्रणकक्षापर्यंत आले. "चा पीओ, बेन," ते म्हणाले. "तुमची मुलगी आम्हाला हवा सोडू देत नाही. म्हणते, काका, तुम्ही आता आराम करा." आणि मोठ्यानं हसले.

ते गेले. समोरच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं. अकरा वाजून दहा मिनिटं.

"आई? फोन नाही, काही नाही. बरी आहेस ना?" शाल्मली पडद्यापासून वळली.

"बरी आहे. शाल्मली, पश्चिम भागाची हवा बंद कर."

मग त्यांनी सांगितलं. डबा, वाटी, अठरा वर्षं, दोन विझलेल्या नळ्या, सगळं. मधे कुठे थांबल्या नाहीत. शाल्मली ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत होता.

"किती नळ्यांत घातलंस?"

"हट्टी वाळूच्या सगळ्या."

"सगळ्या म्हणजे किती?"

"साठ असतील. सत्तर."

"असतील?" शाल्मली उभी राहिली. "आई, तू रजिस्टरात लिहिलंयस, झुरळ तारेवर चढलं म्हणून तापमापक हलला. वीज चार सेकंद गेली ते लिहिलंयस. आणि हे नाही लिहिलंस?"

"ते लिहिण्यासारखं आहे असं वाटलंच नाही गं मला."

"मला एकदा तरी सांगायचंस! मी तीन वर्षं तुझ्यासमोर बसून ते एकेक पान संगणकात चढवलं. तू शेजारी शेंगा सोलत होतीस!"

हर्षदाबाईंनी पश्चिम भागाच्या आलेखाकडे बोट दाखवलं.

शाल्मली येरझारा घालायला लागली. हवा अशी फटकन तोडता येत नाही, हे हर्षदाबाईंनाही माहीत होतं. दाब गेला की तापलेलं तेल उलटं फिरून हवेच्याच विहिरीत शिरतं आणि तिथे भडका उडतो. आधी नायट्रोजन सोडून विहीर धुवावी लागते, त्यात तासभर जातो. आणि हट्टी वाळूतली आग खरंच जिवंत असेल तर ती या तासाभरात कायमची मरते. पश्चिम भाग हातचा जातो.

"तुझं चुकलं असेल तर?" शाल्मली म्हणाली. "दोन नळ्या विझल्या. तुझे हात आता पूर्वीसारखे नाहीत. सांधे दुखतात म्हणून तूच सांगत होतीस. ठोके कमी पडले असतील."

"पडले नाहीत."

"कशावरून? तेही लिहिलं नसशील!" हे बोलून तिला स्वतःलाच लागलं. ती खाली बसली, डोळ्यांवर हात दाबले, आणि मग तिनं कळफलक पुढे ओढला. "थांब. मी धुनीलाच विचारते. हट्टी वाळूच्या नोंदी बाजूला काढून तिला पुन्हा हिशेब करायला लावते. चाळीस मिनिटं लागतील. मग ठरवू."

यंत्र चुकतंय की नाही, हे ती यंत्रालाच विचारत होती. हर्षदाबाईंना ते दिसत होतं. निदान माणसं तरी विहिरींपासून लांब कर, एवढं म्हणायला त्यांचं तोंड उघडलंही. पण अठरा वर्षं गप्प बसलेल्या बाईनं आता कोणत्या तोंडानं हुकूम सोडायचे? त्यांनी ते पुन्हा मिटलं. दोघी मायलेकी पडद्यावरची हिरवी पट्टी पुढे सरकताना बघत बसल्या.

त्याच वेळी दुसऱ्या पडद्यावर, रोजच्या किरकोळ कामांच्या यादीत, धुनीनं एक ओळ टाकली होती. ती नंतर सगळ्यांनी वाचली. अकरा बत्तीस. विहीर क्रमांक सतरा. वायूच्या नमुन्यात प्राणवायू एक टक्का. नमुना-नळीची जोडणी ढिली असावी, आवळणे. काम जीवणभाईंकडे. धुनी हे कुठे शिकली होती? हर्षदाबाईंच्या रजिस्टरात नऊ ठिकाणी तसं लिहिलेलं होतं. प्राणवायू एक टक्का दिसला, जोडणी ढिली होती, आवळली, ठीक झालं. त्या नऊही नोंदी अगदी खऱ्या होत्या.

पण सतरा नंबरची जोडणी ढिली नव्हती. नमुन्यात एक टक्का दिसणारा प्राणवायू विहिरीच्या गळ्याशी त्याच्या कितीतरी पट साचला होता. जीवणभाईंनी पाना लावला आणि जोर दिला.

अकरा पन्नासला काचा हादरल्या. आधी कोणाला काही कळलं नाही. मग एरंडाच्या शेतांवर काळा धूर उठला आणि माणसं ओरडत धावायला लागली. शाल्मली दाराकडे धावली, परत फिरली, नायट्रोजनचं बटण दाबलं, सगळ्या पश्चिम भागाचा भोंगा वाजवला. एकही पायरी चुकली नाही. त्याच गडबडीत पडद्यावरची हिरवी पट्टी भरली आणि उत्तर आलं. पश्चिम भागातली आग विझलेली आहे. खात्री चौऱ्याण्णव टक्के.

जीवणभाई जगले. अहमदाबादच्या दवाखान्यात त्यांच्या दोन्ही हातांवर तीनदा शस्त्रक्रिया झाली. उजवा डोळा गेला. हर्षदाबाई भेटायला गेल्या तेव्हा त्यांच्या बायकोनं स्टूल पुढे केलं, पाणी दिलं, आणि एवढंच विचारलं की हे व्हॉल्व्ह फिरवायचे तेव्हा असं कधी झालं नाही, मग आताच कसं झालं? हर्षदाबाईंनी तिला सगळं सांगितलं. ती बाई ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "आता तुम्ही जा."

नऊ दिवसांनी क्षेत्राच्या विश्रामगृहात चौकशी बसली. तीन जणांची समिती, अध्यक्ष प्रधानसाहेब. साठीचे, सौम्य बोलणारे. सगळा प्रश्न एका वेळेशी येऊन थांबला होता. नियम स्पष्ट होता. धोक्याची सूचना मिळाल्यापासून पंधरा मिनिटांत माणसं विहिरींवरून हटवायची. हर्षदाबाईंनी शाल्मलीला सांगितलं कधी? सूचना अकरा पस्तीसनंतरची असेल तर शाल्मलीवर ठपका नाही. आधीची असेल तर तिची नोकरी जाणार, आणि कदाचित खटलाही होणार. कक्षात तिसरं कोणी नव्हतं. हिशेब कधी सुरू केला ते धुनी नोंदत नसे, आणि फाटकावरच्या नोंदीत हर्षदाबाईंची गाडी अकरा वाजता आत आली एवढंच होतं.

"आल्याबरोबर तुम्ही हाच विषय काढलात की आधी चहापाणी वगैरे झालं?" प्रधानसाहेबांनी विचारलं. त्यांचा स्वर असा होता की चहापाणी झालं म्हणालात तर बरं.

"चहा झाला," हर्षदाबाई म्हणाल्या. ते खरंच होतं.

"मग लिहा तुमच्या हातानं. वेळ तेवढी नीट लिहा."

त्यांनी पेन घेतलं. विरजणाचं सगळं त्यांनी आधीच लिहून दिलं होतं. बावीस वर्षांची अब्रू त्या कागदाबरोबर गेली होती आणि तिचं काही वाटेनासं झालं होतं. पण शाल्मली बाहेर बाकावर बसलेली होती. नऊ दिवसांत ती आईशी कामापुरतंसुद्धा बोलली नव्हती. तिचं काय चुकलं होतं? आईच्या अक्षरावर विश्वास ठेवला, एवढंच ना? हर्षदाबाईंनी लिहिलं, 'मी माझ्या मुलीला ही गोष्ट अकरा वाजून चाळीस मिनिटांनी सांगितली.' अक्षर नेहमीसारखं गोल, टपोरं आलं.

बाहेर येताना दारातच शाल्मली उठून उभी होती. तिचं बोलावणं आलं होतं. हर्षदाबाई तिच्या कानाशी झुकल्या. "अकरा चाळीस सांग. मी तसंच लिहिलंय."

शाल्मलीनं आईकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग आला असता तर हर्षदाबाईंना परवडला असता. राग नव्हता. लहानपणी गॅदरिंगहून एकटी परत आलेली मुलगी जशी बघायची, तशी ती बघत होती. ती आत गेली आणि दार मागे उघडंच राहिलं.

"अकरा दहा," आतून तिचा आवाज आला. "घड्याळ माझ्या समोर होतं. आईनं आल्या आल्या सांगितलं. मी चाळीस मिनिटं घालवली."

कागदांची सळसळ झाली. मग प्रधानसाहेब दारापर्यंत आले. "हर्षदाबाई, जरा आत येता? दोन जबाबांत फरक पडतोय. तुमची वेळ कायम ठेवायची का?"

हर्षदाबाई आत गेल्या. टेबलावर त्यांचा कागद होता. आपण हो म्हटलं तर समिती आईचं मानेल, मुलीनं धक्क्यात चुकीचं सांगितलं म्हणेल, हे त्या तिघांच्या चेहऱ्यांवर स्वच्छ दिसत होतं. तिघांनाही तेच हवं होतं. शाल्मली टेबलाच्या कडेला उभी होती, आणि तिला काय हवंय ते तिनं आताच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. ते मान्य केलं तर तिचं सगळं जाणार होतं. नाही केलं तर तिच्याजवळ आईचं असं काहीच उरणार नव्हतं, हे हर्षदाबाईंना उभ्या उभ्या कळलं.

त्या बसल्या. अकरा चाळीसवर एक सरळ रेघ ओढली आणि शेजारी अकरा दहा लिहिलं. मग थोडा विचार करून खाली आणखी एक ओळ लिहिली. अशी ओळ त्यांनी बावीस वर्षांत कोणत्याच पानावर लिहिली नव्हती. 'वरची वेळ मी मुद्दाम चुकीची लिहिली होती, कारण ती माझी मुलगी आहे.'

डोळ्यांत पाणी आल्यामुळे कागदावरचं पुढचं दिसेना. सही कुठे करायची, ते शाल्मलीनं बोट ठेवून दाखवलं.